इंग्लंडच्या जेम्स राजाच्या काळातल्या दरबारी चित्रांत चेहरा सपाट आणि लेस जिवंत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लंडनच्या केनवुड हाउसमध्ये डॉर्सेटचा तिसरा अर्ल रिचर्ड सॅकव्हिल याचं १६१३ सालचं पूर्णाकृती चित्र पाहिलं. कॉलरची लेस, मोज्यांवरचं भरतकाम, बुटांवरची फुलं इतकी बारीक की टाके मोजावेत, पण चेहरा मात्र बाहुलीसारखा. चित्र विल्यम लार्किनच्या नावावर आहे, पण सही नाही. मग हा चित्रकार चेहऱ्यात कच्चा होता का, सगळं त्यानं एकट्यानं केलं का, त्याचं पोट कशावर चालायचं, आणि तशी लेस स्वतः रंगवून बघायची असेल तर सुरुवात कुठून करायची?

चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. तुम्ही हे चित्र नकळत व्हॅन डाइकच्या, म्हणजे जिवंत चेहऱ्यांसाठी गाजलेल्या फ्लेमिश चित्रकाराच्या कामाशेजारी ठेवून बघताय. व्हॅन डाइक लंडनला पहिल्यांदा आला तो १६२०-२१ च्या हिवाळ्यात, आणि तोपर्यंत लार्किन जाऊन वर्ष उलटलं होतं. लार्किनकडून गिऱ्हाइकाला हवं होतं ते वेगळंच: घराण्याचा दर्जा, अंगावरचा खर्च आणि दिवाणखान्यात टांगायला सात फूट उंचीचा पुरावा. चित्राची मोजमापं साधारण २०६ बाय १२२ सेंटिमीटर आहेत. त्यातला चेहरा किती? ओंजळीत मावेल एवढा. उरलेलं सगळं कापड.

आता सपाटपणाची कारणं. त्यातली काही त्या काळातली आहेत आणि काही नंतरच्या चारशे वर्षांतली. ही दोन्ही वेगळी काढल्याशिवाय चित्रकाराबद्दल निकाल देऊ नये.

पहिलं कारण आवडीचं. निकोलस हिलियर्ड हा एलिझाबेथ राणीचा आणि पुढे जेम्सचाही लघुचित्रकार. त्यानं १६०० च्या सुमारास आपल्या कलेवर टिपण लिहिलं. त्यात तो सांगतो की राणी चित्रासाठी बसली ती बागेतल्या मोकळ्या वाटेवर, जिथे झाडाची सावलीही पडत नव्हती. गडद छाया म्हणजे काहीतरी झाकणं, असा त्यामागचा विचार. चेहरा उजळ, नितळ, समोरून प्रकाश पडलेला हवा. लार्किनची पिढी या शिस्तीत वाढली. नाकाखाली आणि जबड्याखाली सावली टाकायचं तिला ठाऊक होतं, पण ती इतकी हलकी टाकायची की दहा फुटांवरून जाणवू नये.

दुसरं कारण बैठकीचं. सरदार-उमराव तासन् तास बसत नसत, आणि खुद्द जेम्स राजाला तर चित्रासाठी बसायचा कंटाळाच होता. त्यामुळे एका बैठकीतून चेहऱ्याचा एक नमुना तयार व्हायचा आणि त्यावरून मागणीप्रमाणे प्रती निघायच्या. आपल्याकडे रांगोळीचा भोकांचा छापा असतो, तत्त्व तेच. कागदावरच्या रेषांवर सुईनं बारीक भोकं पाडायची, कागद तयार पृष्ठभागावर धरायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटायची. खाली ठिपके उमटतात, ते जोडले की चेहरा. अशा तिसऱ्या-चौथ्या प्रतीत डोळ्याचा कोपरा, ओठाची रेघ, नाकपुडी जागेवर असतात, पण त्यांच्यामधल्या मांसाचा उठाव हरवतो.

असे नमुने किती लांब जात याचं एक उदाहरण आपल्याकडचंच आहे. जहांगीर बादशहासाठी बिचित्र या चित्रकारानं १६१५ ते १६१८ च्या दरम्यान रंगवलेल्या चित्रात, जे आता वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीत आहे, बादशहा एका सूफी शेखाला ग्रंथ देतोय आणि खाली तुर्की सुलतानाजवळ जेम्स राजा उभा आहे. तो जेम्स लंडनचा दरबारी चित्रकार जॉन द क्रिट्झ याच्या नमुन्यावरून उतरवलेला आहे. इंग्रज राजदूत सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेला उतरला आणि नंदुरबार-बऱ्हाणपूरच्या वाटेनं अजमेरला पोचला. त्यानं दाखवलेल्या एका लघुचित्राच्या बादशहाच्या चित्रकारानं इतक्या हुबेहूब नकला केल्या, की मेणबत्तीच्या उजेडात सहा चित्रांतून आपलं ओळखताना रोला अडखळायला झालं. सावली न टाकता बारीक रेषेवर चेहरा तोलायची ही पद्धत मुघल कारखान्यातल्या हातांना परकी नव्हती, हेच त्यामागचं कारण असावं असं मला वाटतं.

तिसरं कारण रसायनाचं. प्रेक्षक नेमका याच ठिकाणी चित्रकारावर अन्याय करतात. त्या काळी गालाचा आणि ओठाचा रंग शिसफेद (शिशापासून केलेला पांढरा), हिंगूळ आणि तांबडा लेक या तिघांतून यायचा. लेक म्हणजे वनस्पती किंवा कीटकांपासून काढलेला रंग तुरटीच्या साहाय्यानं पांढऱ्या पुडीवर बसवलेला (हा शब्दच मुळात आपल्या लाखेवरून गेलेला आहे). हिंगूळ बऱ्यापैकी टिकतो, लेक मात्र उजेडात उडतो. शिसफेद तेलाशी अभिक्रिया करून वर्षानुवर्षं जास्त पारदर्शक होत जातो. चेहऱ्यावरच्या छटा मुळातच कागदासारख्या पातळ, आणि पूर्वी चित्रं क्षारयुक्त पाण्यानं घासून धुवायची सवय होती. त्यात सगळ्यात आधी गेला तो हनुवटीखालचा, पापणीजवळचा तपकिरी-तांबडा शेवटचा हात. याउलट लेसचा जाड शिसफेद धुण्याला दाद देत नाही. म्हणून चेहरा पुसट आणि लेस तशीच, अशी आजची अवस्था.

कोणत्या चित्रात किती हानी झाली हे मात्र चित्रावर अवलंबून आहे. लाकडी फळीवरचं असेल तर एक उत्तर, कॅनव्हासवरचं असेल आणि मागून दुसरा कॅनव्हास इस्त्रीनं चिकटवलेला असेल तर दुसरं. त्या इस्त्रीच्या उष्णतेत लेसचे उंचवटेही चेपले जातात. चौकटीच्या आतल्या कडेला दबलेली अर्ध्या इंचाची पट्टी बघायला मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण तिथे उजेड न लागल्यामुळे मूळ तांबडा टिकलेला सापडतो. निळ्याचं गणित आणखी वेगळं. स्माल्ट म्हणजे कोबाल्टची निळी काच कुटून केलेली पूड. तिच्यातलं पोटॅशियम तेलात झिरपतं आणि निळा करडा-तपकिरी होतो. पण हाच स्माल्ट शिसफेदात मिसळलेला असेल तर बराच टिकतो. त्यामुळे एकाच अंगरख्याचा उजळ भाग निळा आणि घडीतला भाग मातकट दिसला, तर तो तपकिरी चित्रकारानं लावलेला नाही. जंगालाचा (तांब्यावरच्या हिरव्या गंजाचा) पारदर्शक हिरवा थरही असाच वरून तपकिरी पडतो. 'या काळातले रंग मंद असत' असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. ही चित्रं नवी असताना डोळ्यात भरतील अशी भडक होती.

एकट्यानं केलं का? नाही, आणि ते कमीपणाचंही नव्हतं. लंडनमध्ये चित्रकारी हा पेंटर-स्टेनर्स कंपनी या कारागीर संघाच्या शिस्तीतला धंदा होता. उमेदवारी निदान सात वर्षांची. लार्किन त्या संघाचा सभासद झाला १६०६ मध्ये आणि वारला १६१९ मध्ये, म्हणजे स्वतंत्र कारकीर्द अवघी तेरा वर्षांची. रॉबर्ट पीक हा दुसरा दरबारी चित्रकार तर मूळचा सोनारांच्या संघातला: १५६५ मध्ये उमेदवारीला लागला, १५७६ मध्ये मोकळा झाला. परदेशातून आश्रयाला आलेल्या घराण्यांत सोयरिकी ठरलेल्या. ब्रूझहून लहानपणी आलेल्या मार्कस गीरार्ट्‌स धाकट्यानं जॉन द क्रिट्झची बहीण मॅग्डालेना केली, आणि गीरार्ट्‌सची सावत्र बहीण सारा लघुचित्रकार आयझॅक ऑलिव्हरला दिली. अशा घरांतून नमुने, रंगांच्या कृती आणि हाताखालची पोरं इकडून तिकडे जात. मुख्य चित्रकार चेहरा आणि हात करायचा, पोशाखाची आखणी ठरवायचा. गालिचा, पडद्याच्या झालरी, मजकुराची अक्षरं ही कामं वाटून दिली जात. कपडे मालकाच्या अंगावर असण्याची गरज नव्हती, ते कारखान्यात आणून लाकडी सांगाड्यावर चढवले की भागायचं. रिचर्ड सॅकव्हिलच्या पोशाखांची त्या काळची यादी उपलब्ध आहे आणि चित्रातले कपडे तिच्याशी जुळतात. लेस इतकी खरी वाटते ती म्हणूनच: ती समोर टेबलावर पडलेली होती, आणि तिला कंटाळा येत नव्हता.

सही नसण्याचंही कारण यातच आहे. माल कारखान्याचा, आणि चित्रातलं महत्त्वाचं नाव गिऱ्हाइकाचं. मग नाव कसं ठरवतात? लार्किनचं उदाहरण चांगलं आहे. इंग्लंडमधल्या चार्लकोट पार्क या जुन्या हवेलीत तांब्याच्या पत्र्यावरची दोन लंबगोल चित्रं आहेत, लॉर्ड हर्बर्ट ऑफ चेरबरी आणि सर टॉमस लूसी यांची. १९५२ मध्ये कागदपत्रांवरून ती लार्किनची ठरली. त्याआधी त्याच्या नावावर बोट ठेवावं असं एकही चित्र नव्हतं. दुसरीकडे, जोड-पडदे आणि तुर्की गालिचे असलेल्या पूर्णाकृती चित्रांच्या कर्त्याला कलेतिहासकार रॉय स्ट्राँग यांनी 'पडद्यांचा उस्ताद' असं कामचलाऊ नाव दिलं होतं. पापण्यांची आखणी, कानाची घडण, ओठांचा कोपरा यांची तांब्यावरच्या चित्रांशी तुलना करून त्यांनी ती पुढे लार्किनकडे दिली. म्हणजे पुरावा दोन छोट्या चेहऱ्यांवर उभा आहे, आणि म्हणूनच तुम्हाला सपाट वाटलेला तो चेहराच तज्ज्ञांच्या लेखी चित्रातला सगळ्यात बोलका भाग आहे. मला स्वतःला पडदा आणि गालिच्यावरून नाव ठरवणं पटत नाही. तो साचा कुणालाही उचलता येतो.

उत्पन्नाचं सांगायचं तर आकडे आहेत. १६१३ च्या जुलैमध्ये केंब्रिज विद्यापीठानं पीकला युवराज चार्ल्सच्या पूर्णाकृती चित्राचे १३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स दिले. विचित्र वाटणारा हा आकडा म्हणजे बरोबर २० मार्क, तेव्हाचं हिशेबाचं एकक. लंडनमधल्या कसबी सुताराची रोजची मजुरी १६ पेन्सच्या आसपास धरली तर ही त्याच्या दोनशे दिवसांची कमाई. पण यातून कॅनव्हास, रंग आणि हाताखालच्यांचं पोट वजा करायचं. १६०६ मध्ये राजा, राणी आणि युवराज हेन्री यांची तीन पूर्णाकृती चित्रं ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूककडे भेट म्हणून धाडली, त्यांचे द क्रिट्झला ५३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स मिळाले, म्हणजे ८० मार्क. एका चित्रामागे पावणेअठरा पौंड. चित्रातल्या पोशाखाला याच्या कित्येक पट खर्च झालेला असायचा, हे लक्षात ठेवा. कशावर किती बारकाईनं काम करायचं ते तिथे ठरतं.

नुसत्या चित्रांवर मात्र कुणाचं भागत नसे. राजाचा 'सार्जंट पेंटर' हे पद द क्रिट्झकडे १६०३ पासून होतं आणि १६०७ पासून पीक त्यात वाटेकरी झाला. या पदाचं खरं काम म्हणजे राजाच्या होड्या आणि बग्ग्या रंगवणं, सोन्याचा मुलामा चढवणं, निशाणं, ढाली, सूर्यघड्याळं, महालातलं लाकडी काम. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या एलिझाबेथ राणीच्या थडग्यावरची मूर्ती मॅक्सिमिलियन कोल्टनं घडवली, तिच्यावर रंग चढवला द क्रिट्झनं. बिलं द्यायची, पैशाची वाट बघायची, दरबारी नाटकांच्या वेळी रात्रीचा दिवस करायचा असा हा धंदा. युवराज हेन्री १६१२ मध्ये गेला तेव्हा शोकाचं कापड वाटलं गेलं. पीकला सात वार, त्याच्या नोकराला चार. चित्रकाराची जागा त्या यादीत होती, पण नोकरवर्गातच.

इथवर जे सांगितलं ते हाताशी धरून आता शेवटच्या प्रश्नाकडे येऊ, कारण ही पद्धत हातानं केल्याशिवाय कळत नाही. पूर्ण चित्राच्या मागे लागू नका. मनगटाजवळची लेसची पट्टी आणि तिच्याखालचं काळं मखमल, एवढा बारा बाय बारा इंचांचा तुकडा घ्या.

त्या काळी पूर्णाकृतीसाठी कॅनव्हास वापरत आणि लहान चित्राला बाल्टिक किनाऱ्यावरची ओकची फळी. लंडनमध्ये कॅनव्हास कसा तयार करत ते राजवैद्य टिओडोर द मायेर्ननं १६२० नंतर टिपून ठेवलंय: आधी चामड्याच्या कातरणाचा पातळ सरस, मग तांबड्या मातीचा तेलातला हलका हात, वाळल्यावर प्युमिस दगडानं घासणं, आणि वर शिसफेद, कोळशाचा काळा व किंचित अंबर (तपकिरी मातीचा रंग) यांचा करडा थर. अभ्यासाच्या तुकड्यासाठी फळी सोपी. सहा मिलिमीटरचा चांगला प्लायवूड घ्या. सत्तर ग्रॅम दाणेदार सरस एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी पातेल्यात पाणी ठेवून त्यात भांडं बसवून गरम करा, पण साठ अंशांच्या वर नको. उकळला की सरसाची पकड गेली. एक हात नुसत्या सरसाचा द्या. दुसऱ्या दिवशी उरलेल्या कोमट सरसात चाळलेली खडूची पूड अलगद सोडत जा. पूड पृष्ठभागावर बेटासारखी दिसू लागली की थांबा आणि फेस येऊ न देता हलवा. एक आडवा, एक उभा असे सहा ते आठ पातळ हात द्या. चारशे नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा. मग अंबर आणि काळा मिसळलेला फिकट करडा तेलरंग चिंधीनं पुसून लावा आणि आठवडाभर वाळू द्या.

बिघडतं कुठे? टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली तर मिश्रण फार गरम होतं किंवा जोरात ढवळलं गेलं. पापुद्रे सुटले तर वरचा हात खालच्यापेक्षा जास्त सरसाचा होता, म्हणजे मधेच पाणी उडून तो घट्ट झाला. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात हे काम करूच नका, सरस वाळण्याआधी कुजतो आणि वास सांगतोच. आणि हा खडू-सरसाचा थर ताणलेल्या कॅनव्हासवर देऊ नका, तडे जातील.

आधी काळं मखमल पूर्ण करा, लेस नंतर. काळा तेलात फार हळू वाळतो, म्हणून जुने लोक त्यात चिमूटभर जंगाल घालत. तुम्ही थोडा अंबर घाला, काम तेच होतं. मखमलाचा प्रकाश साटिनच्या उलट पडतो: घडीच्या माथ्यावर काळोख आणि कडेला उजेड. कडेची करडी रेघ कोरड्या ब्रशनं आत पुसली की मखमल झालं. हे पूर्ण वाळू द्या, दोन आठवडे तरी.

मग लेसच्या पट्टीची फक्त बाहेरची कड पांढऱ्या खडूनं आखा. कंपासनं एका नक्षीची रुंदी घ्या आणि कडेवर खुणा करत जा. मूळ चित्रं जवळून पाहिलीत तर कळेल की नक्षी घडीबरोबर आत वळत नाही, ती सपाट पसरलेल्या लेससारखी एकसारखी चालत राहते. हा त्या काळचा मार्ग आहे, तो दुरुस्त करायला जाऊ नका, नाहीतर चित्राचा सूर जाईल. पट्टीच्या आत आधी अतिशय पातळ करडा-पांढरा धूसर हात, खालचा काळा दिसत राहील इतका. तो वाळला की नक्षीच्या मुख्य फांद्या मध्यम पांढऱ्यानं. शेवटी टाक्यांचे उंचवटे सगळ्यात दाट पांढऱ्यानं, एकेक ठिपका टेकवून. जाळीची भोकं उरलेल्या काळ्यातून आपोआप दिसतात. जिथे बुजली तिथे काळ्याचा ठिपका.

पांढरा हाच इथला कळीचा मुद्दा. शिसफेद ब्रशवरून तारेसारखा निघतो आणि टेकवला तसा उभा राहतो. पण तो विषारी आहे. पूड घरात आणू नका, वाळलेला थर घासू नका, लहान मुलं असतील तर नळीतलाही टाळा. टायटॅनियम पांढरा वापरायचा तर नळीतून टिपकागदावर तासभर काढून ठेवा, जास्तीचं तेल शोषलं जाईल. मग चार भाग रंगात एक भाग खडूची पूड सुरीनं घोटा. सोनेरी धाग्याला तपकिरी पिवळ्याचा पाया आणि त्यावर फिकट लिंबू-पिवळ्याचे सुटे ठिपके. त्या काळी तो शिसं आणि कथिल यांपासून केलेला पिवळा असायचा. हिंगळाऐवजी कॅडमियम तांबडा आणि जुन्या लेकऐवजी क्विनॅक्रिडोन घ्या, म्हणजे तुमचा गुलाबी तरी उडणार नाही.

व्हार्निश निदान सहा महिने थांबून. आणि पुढच्या वेळी केनवुडला गेलात तर चित्रासमोर उभे राहण्याआधी भिंतीच्या बाजूनं, तिरक्या उजेडात कॉलरकडे बघा. ठिपक्यांच्या उंचीवरून हाताची दिशा दिसते: टाके एकाच बाजूला कललेले असतील तर ती पट्टी एका बैठकीत, एका हातानं झालेली असू शकते.